सिमरोलजवळच्या मातीच्या घरातला पहिला पावसाळा

प्रश्न थोडक्यात असा: मुलांच्या परीक्षा संपल्यावर इंदूरच्या सुदामा नगरातला फ्लॅट सोडून आम्ही सिमरोलच्या पुढे, चोरलच्या बाजूच्या एका खेड्यात राहायला आलो. घर जुनं आहे. दगडी जोतं, मातीच्या जाड भिंती, वर देशी कवेलू, म्हणजे कौलं. आम्ही दोघं, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई. महिनाभरात सगळेच वैतागलेत. वरून माती पडते, भिंतींचे पोपडे निघतात, दोनदा साप दिसला, सासूबाईंना चूल हवी आहे, मुलांना परत जायचं आहे. मिस्तरी म्हणतो, कवेलू उतरवून पत्रे टाका आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा मारा, कटकट संपेल. त्याचं ऐकावं का? पावसाळा तोंडावर आलाय.

ताई, या वर्षी तरी ऐकू नका. पत्रे नकोत आणि सिमेंट तर मुळीच नको. इंदूर, महू, मानपूर या पट्ट्यातली मातीची आणि कवेलूची जुनी घरं दुरुस्त करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून घर खराब झाल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. घराची दरवर्षीची कामं मध्ये काही वर्षं झालेली नाहीत, एवढंच दिसतं. मातीचं घर एकदा दुरुस्त करून दहा वर्षं विसरता येत नाही. त्याला दरसाल थोडं थोडं करावं लागतं. ते तुमच्या घरातल्या माणसांना जमलं की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं. म्हणून हा पहिला पावसाळा घर फारसं न बदलता त्यात राहून काढा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कोणती भिंत ओली राहते हे एकदा डोळ्यांनी बघा. मोठे खर्च दिवाळीनंतर.

पण काही कामं आजच्या आज धरायची आहेत, आणि त्यात पहिलं छप्पर. मृग ७ जूनच्या आसपास लागतं, इंदूरकडे खरा पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जम बसवतो, पण वळवाच्या सरी त्याआधीच येऊन जातात. त्याच्या आत शाकारणी झाली पाहिजे. सगळी कवेलू उतरवायची, झाडायची, तडे गेलेली बाजूला काढायची आणि पुन्हा रचायची. रचणं नेहमी खालच्या वळचणीपासून वरच्या आढ्याकडे, कारण वरच्या कवेलूचं तोंड खालच्यावर बसायला हवं. चढ साधारण तिसाव्या अंशाला असतो, आणि एका कवेलूचा निदान एक तृतीयांश भाग दुसऱ्यावर यावा. त्यापेक्षा कमी ठेवला की वाऱ्याबरोबर आलेला पाऊस उलटा आत शिरतो. जुन्या छपरात हा एकावर एक येणारा भाग हळूहळू कमी होतो. माकडं उड्या मारतात, मांजरं फिरतात, कवेलू सरकत राहतात. गळतीचं कारण बहुतेक वेळा फुटलेलं कवेलू नसतं, सरकलेलं असतं.

हे काम शहरातल्या मिस्तरीला देऊ नका. तुमच्या गावात अजून कवेलूच्या घरात राहणारी माणसं असतील. त्यांचं छप्पर कोण फेरतं ते विचारा आणि तोच माणूस बोलवा. मजुरीत घासाघीस करू नका. तो कवेलूवर थेट पाय देणार नाही. शिडी छपरावर आडवी टाकून तिच्यावर बसून काम करेल. फुटणारी धरून जादा कवेलू आधीच आणून ठेवा. नवी देशी कवेलू घडवणारे कुंभार आता फार थोडे उरलेत, पण आसपास कोणी जुनं घर पाडून पक्कं बांधत असेल तर त्याच्याकडे ढीग पडलेला असतो.

कवेलू उतरलेली असताना वासे आणि बांबू नीट बघून घ्या. बांबूतून पिवळसर पीठ गळत असेल तर भुंगा लागलाय. पूर्वी चुलीचा धूर रोज छपराला लागायचा, आणि त्या धुराने लाकूड आणि बांबू टिकायचे. घरात चूल बंद होऊन गॅस आला की काही वर्षांत छपराला कीड लागते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. बदलायचे ते बांबू बदला, बाकीच्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशने दोन हात मारा. वरून पडणाऱ्या मातीसाठी, बसायच्या आणि झोपायच्या खोलीत छपराखाली जाड मांजरपाटाचं छत ताणून बांधा. कवेलूला चिकटवून प्लास्टिक घालायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो टाळा. आतली वाफ प्लास्टिकला धरते, पाणी वाशांवर गळतं आणि लाकूड कुजतं. पत्र्याचं तर तुम्हाला या मे महिन्यात वेगळं सांगायला नको. दुपारी आत बसवणार नाही, आणि पाऊस पडायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. तुमच्या जाड भिंती दिवसाचं ऊन कित्येक तास अडवून धरतात आणि माळव्याच्या रात्री गार पडतात. वर पत्रा टाकला की भिंतींची ही मेहनत वाया जाते.

आता सिमेंट. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त घरं बिघडतात.

मातीची भिंत जमिनीतून थोडी ओल वर ओढते आणि दोन्ही बाजूंनी ती हवेत सोडून देते. पावसाळ्यात ओढणं जास्त, उन्हाळ्यात सोडणं जास्त, असं वर्षभर चालू असतं. त्यावर सिमेंट चढवणं म्हणजे घाम येणाऱ्या अंगावर रेनकोट घालणं. बाहेरून भिंत कोरडी, गुळगुळीत दिसते आणि आत ओल अडकून राहते. शिवाय सिमेंट कडक असतं आणि माती ओलीने फुगते, सुकली की आकसते. दोघांची चाल जुळत नाही, म्हणून गिलावा भिंतीपासून सुटतो आणि मधल्या फटीत पाणी उतरतं. असा गिलावा मारलेली भिंत बोटाच्या पेराने ठोकून बघा, दोन-तीन वर्षांनी ती पोकळ वाजते. जोत्याच्या वर हातभर उंचीवर गिलाव्याचा एक तुकडा काढला की मागची माती बोटाने दाबूनही खाली पडते. मी असे गिलावे काढलेत. आतून भिंत निम्मी झालेली असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. तुमच्या भिंतीचे पोपडे दिसतात, हाताला माती लागते, हा त्रास आहे हे मान्य. पण दिसणारा बिघाड तुम्ही एका सकाळी भरून काढू शकता.

भरायला काय वापरायचं? शेतातली काळी माती घेऊ नका, ती सुकली की तडकते. गावात पिवळी माती कुठून आणतात ते विचारा. चाळलेली पिवळी माती, वाळू, गव्हाचा भुसा आणि शेण पाण्यात कालवून पाच-सात दिवस मुरू द्या, रोज पायाने तुडवा. मुलांना या कामाला लावा, दोघंही खुशीने करतील. प्रमाण मी कागदावर देत नाही, कारण दर गावची माती वेगळी. तळहाताएवढे तीन-चार ठिपके वेगवेगळ्या प्रमाणात भिंतीवर लावून सुकू द्या. तडे गेले तर वाळू आणि भुसा कमी पडलाय. बोट फिरवल्यावर पीठ निघालं तर माती कमी आहे. तडाही नाही आणि पीठही नाही, तेच तुमचं प्रमाण. लावण्याआधी भिंत झाडून पाण्याने भिजवून घ्या. वरून पांढरं हवं असेल तर चुन्याची सफेदी द्या. चुना ओल बाहेर जाऊ देतो. प्लास्टिक इमल्शन रंगही सिमेंटसारखाच ओल कोंडतो, तेव्हा तोही नको.

दारं पावसाळ्यात अडकायला लागतील. लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. तुमच्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि मे महिन्यात फाटते, आणि तिच्यावर उभं असलेलं घर दरसाल थोडं हलतं. लाकूडही ओलीने फुगतं. दिवाळीनंतर तीच दारं सुटी होतात. भिंतीत जे तडे आहेत त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. सप्टेंबरात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा बघा. खुणेच्या पुढे न गेलेला तडा मातीने भरून टाका. तडा जोत्यापासून कोपऱ्याकडे तिरका चढत असेल आणि त्यात बोट जात असेल, तर मात्र पावसाळ्याची वाट न बघता जाणत्या माणसाला दाखवा.

जोत्याभोवती सगळीकडे मीटरभर रुंदीची फरसबंदी करा, घरापासून बाहेरच्या बाजूला उतार देऊन. वळचणीच्या पागोळ्या त्या फरशीवर पडल्या पाहिजेत आणि पाणी चरातून दूर गेलं पाहिजे. मातीच्या घरावर करता येण्यासारखा याहून उपयोगी खर्च मला माहीत नाही. भिंतीला लागून वाफे करून रोज पाणी घालण्याचा बेत असेल तर वाफे चार-पाच मीटर लांब न्या.

सापांबद्दल. तुम्हाला दिसलेले साप दिवसा, अंगणात, लांबलचक आणि पळणारे असतील तर बहुधा धामण. ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. काळजी घ्यायची ती मुख्यतः मण्याराची. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा लक्षात येतं. म्हणून घरात कोणीही जमिनीवर झोपायचं नाही, कितीही उकडत असलं तरी. खाट, आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. हा नियम पाहुण्यांनाही लागू. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, कारण धान्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप. सरपण, गोवऱ्या, विटांचा ढीग घराच्या भिंतीपासून लांब. दाराखालच्या फटीला पट्टी ठोका. रात्री पायात चप्पल आणि हातात टॉर्च, सकाळी मुलांचे बूट झटकून.

चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, झाडफुंकीत वेळ घालवायचा नाही. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवून १०८ ला फोन करायचा. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरची प्रतिविषाची लस ठेवतात का, हे याच आठवड्यात स्वतः जाऊन विचारा. नसेल तर थेट इंदूरच्या एम.वाय. हॉस्पिटलला जायचं हे घरात सगळ्यांना, मुलांनाही, पाठ असू द्या. विंचवाच्या बाबतीतही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामानंतर विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि मरणाचं प्रमाण फार खाली आलं, पण तो वेळेत मिळावा लागतो. लहान मुलाला विंचू चावला तर घरी थांबून बघू नका.

विहिरीचं पाणी पिता असाल तर पावसाळ्यात ब्लीचिंग पावडरशिवाय नको. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणा, म्हणजे घनमीटर मिळतात. एका घनमीटरला, म्हणजे १००० लिटरला, ताजी पावडर २.५ ग्रॅम. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडून दोराच्या बादलीने ढवळा, खालचा चुना फेकून द्या. रात्री टाकलं की सकाळपर्यंत वापरायला मोकळं. पुडा उघडा राहिला की पावडरीचा जोर जातो, म्हणून छोटा पुडा आणा. आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या बाजूला आहे ना, हे आधी तपासा.

वायरिंग भिंतीत खोदून घातलेलं असेल तर ते बाहेरून पाइपात काढून घ्या, चांगलं अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवा. ओल्या मातीच्या भिंतीशी यात तडजोड नको.

कचऱ्याचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण निघेल. इंदुरात दारात गाडी येते, तुमच्या खेड्यात बहुधा येणार नाही. योगायोग असा की जगभर ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात ती आपल्याच गावात तयार झाली. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत होते. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, ती जागा. यशवंत वाड त्यांचे सहकारी. पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा आणि ढीग मधून मधून उलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत होतं. तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हे पूर्ण सोपवा. ढिगात हात घालून आतली ऊब बघणं, कधी उलटायचा ते ठरवणं, हे त्या वयात आवडतं. बाजारातून आणलेलं प्लास्टिक आणि बाटल्या मात्र पोत्यात भरून इंदूरला परत न्या, गावात जाळू नका.

आता माणसांकडे येतो. सासूबाईंना चूल हवी आहे तर द्या, पण ओसरीच्या कोपऱ्यात, वर चार इंची पाइपाचं धुराडं काढून. रोजचा स्वयंपाक गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. तुमच्या छपरालाही थोडा धूर लागेल. त्याहून मोठी गोष्ट ही की या घरात काय कसं करायचं हे तुम्हा सगळ्यांत कोणाला माहीत असेल तर त्यांना. सारवण किती पातळ, कोणत्या दिवशी, हे त्यांना ठरवू द्या. गुडघ्यांवर बसून सारवायचं काम मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका. त्यांच्यासाठी घराच्या आतून जाता येईल असा संडास, त्यात कमोड आणि धरायला दांडी, हा खर्च दिवाळीपर्यंत थांबवू नका. रात्री ओल्या अंगणातून जावं लागतं म्हणून कितीतरी म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाणी प्यायची बंद होतात, आणि हे ती कोणाला सांगत नाहीत.

मुलांना परत जायचंय ते बहुतेक मित्रांसाठी. गावातली मुलं लगेच दोस्ती करणार नाहीत. पितृपक्षात गावात मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात, फुलं लावतात, संध्याकाळी गाणी म्हणतात. तुमची मातीची भिंत त्यासाठी मोकळी ठेवा आणि शेजारच्या मुलींना बोलवा. आपल्याकडच्या भोंडल्याशी त्याचं नातं सासूबाई लगेच जोडतील. सुटीत मात्र मुलांना इंदूरला आजोळी किंवा मित्रांकडे राहू द्या. परत जाता येतं हे कळलं की राहणं सोपं जातं.

आणि पाहुणे. याबद्दल कोणी आधी सांगत नाही. पाऊस पडला, डोंगर हिरवे झाले की रामबागेतले, राजेंद्र नगरातले सगळे नातेवाईक दर रविवारी दाल-बाफल्यांचा बेत घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांच्यासाठी ती सहल असते, तुमच्यासाठी वीस माणसांचं पाणी, भांडी आणि गच्च भरलेला शोषखड्डा. गावातलं घर सोडून शहरात परतलेल्या ज्या बायकांशी मी बोललो, त्या साप किंवा चिखलाबद्दल फारसं बोलत नाहीत. रविवारांबद्दल बोलतात. महिन्यातला एकच रविवार पाहुण्यांचा, हे तुमच्या यजमानांनी त्यांच्या नात्यात स्वतः सांगायचं, तुम्ही नाही. आणि आलेल्यांनी वाढायचं, भांडी घासायची, विहिरीचं पाणी काढायचं.

फ्लॅट विकायचा विचार चालू असेल तर एक वर्ष थांबा. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या. त्या भाड्यातून फरसबंदी आणि संडास दोन्ही निघतील. पुढच्या मे महिन्यात पेन्सिलच्या खुणा बघितल्यावर, आणि घरातल्या पाचही जणांना वेगवेगळं विचारल्यावर, मग विकायचं की नाही ते ठरवा. तोवर मिस्तरीला सांगा, या वर्षी फक्त जोत्याभोवतीची फरसबंदी त्याच्याकडून करून घ्यायची आहे. ते काम त्याला चांगलं येत असेल.